बोर्दोचा वाणिज्यदूत आणि परिपत्रक क्रमांक १४ : एका खातेनिहाय चौकशीचा अभ्यास

३० ऑक्टोबर १९४० रोजी लिस्बनमध्ये पोर्तुगालच्या परराष्ट्र खात्यातील एका शिस्तभंगाच्या प्रकरणावर अंतिम आदेश झाला. खात्याच्या शिस्तपालन मंडळाने अपचारी अधिकाऱ्याला एका पायरीने खाली आणावे, म्हणजे पदावनत करावे, अशी शिफारस केली होती. आदेश देणाऱ्याने ती कडक केली. अधिकाऱ्याला एक वर्ष अर्ध्या पगारावर निष्क्रिय ठेवावे आणि वर्ष संपताच सक्तीने निवृत्त करावे, असे त्याने ठरवले. आदेश देणारे होते आंतोनियो द ऑलिव्हैरा सालाझार. ते देशाचे पंतप्रधान होते आणि परराष्ट्र खातेही त्यांनी स्वतःकडेच ठेवले होते. अपचारी अधिकारी होता फ्रान्समधील बोर्दो शहरातला पोर्तुगालचा वाणिज्यदूत आरिस्तिदिस द सोझा मेंडिस. वरिष्ठांची परवानगी न घेता, लेखी परिपत्रकाच्या विरुद्ध जाऊन, जून १९४० मध्ये त्याने निर्वासितांना मोठ्या संख्येने व्हिसा दिले, हा आरोपाचा गाभा होता.

सद्सद्विवेकाची कथा म्हणून हे प्रकरण जगभर सांगितले जाते आणि ती कथा खोटी नाही. परंतु फाइल वाचण्याची सवय असलेल्या माणसाला त्या कथेत काही जागा रिकाम्या दिसतात. व्हिसा देण्याचा मूळ अधिकार कोणाचा होता, परिपत्रकाने तो किती काढून घेतला, अधिकार ओलांडून केलेल्या सहीची किंमत सीमेवर किती, आणि ज्या सरकारने सही करणाऱ्याला शिक्षा केली त्याच सरकारने ती सही घेऊन आलेल्या माणसांना आत का घेतले, हे प्रश्न भावनेचे नसून कारभाराचे आहेत. सोझा मेंडिस कायद्याचा पदवीधर होता, ही बाब या प्रश्नांच्या संदर्भात बरीच महत्त्वाची ठरते.

न्यायाधीशाचा मुलगा

आरिस्तिदिसचा जन्म १९ जुलै १८८५ रोजी उत्तर-मध्य पोर्तुगालच्या व्हिझेउ जिल्ह्यातील काबानास द व्हिरियातो या गावी झाला. वडील न्यायाधीश होते आणि पुढे कोइंब्राच्या अपील न्यायालयापर्यंत पोचले. घराणे जमीनदार, कट्टर कॅथलिक आणि राजेशाहीचे समर्थक होते. आरिस्तिदिस आणि त्याचा जुळा भाऊ सेझर या दोघांनी कोइंब्रा विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले आणि दोघेही परराष्ट्र सेवेत शिरले. येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. सालाझारही याच व्हिझेउ जिल्ह्यातले, सांता कोंबा दाँवजवळच्या खेड्यातले. तेही कोइंब्राचे कायद्याचे पदवीधर आणि पुढे तेथेच कायदा शाखेत अर्थशास्त्राचे प्राध्यापक. फरक एवढाच, की एक जमीनदार न्यायाधीशाचा मुलगा होता आणि दुसरा जमिनीची व्यवस्था पाहणाऱ्या साध्या माणसाचा. १९४० च्या फाइलवर समोरासमोर आलेली ही दोन माणसे एकाच विद्याशाखेत घडलेली होती आणि परिपत्रक म्हणजे काय हे दोघांनाही सारखेच ठाऊक होते.

१९१० मध्ये ब्रिटिश गयानातील डेमेरारा येथून सोझा मेंडिसची वाणिज्यदूत म्हणून नोकरी सुरू झाली. लगेच पुढच्या वर्षी तो झांजीबारला गेला. गोव्याच्या वाचकाला हे ठिकाण अनोळखी नाही, कारण त्या काळात झांजीबारला गेलेले गोंयकार कारकून, शिंपी, आचारी आणि दुकानदार हे कागदोपत्री पोर्तुगालचे प्रजाजन होते, आणि म्हणून तेथील पोर्तुगीज वाणिज्य दूतावासाचा संबंध मुख्यतः त्यांच्याशीच येई. जन्माचा दाखला, पासपोर्ट, वारसाहक्काचे कागद, मृताच्या मालमत्तेची यादी अशी वाणिज्यदूताची रोजची कामे असतात. राजदूत देशाच्या वतीने बोलतो, तर वाणिज्यदूत खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाचा कागद हातात घेतो. या पायरीवर तीस वर्षे काढलेला अधिकारी पुढे बोर्दोत जे करतो ते त्या सवयीतूनच करतो, असे मला वाटते.

त्यानंतरच्या नेमणुका सरळ गेल्या नाहीत. १९१८ मध्ये तो ब्राझीलमधील कुरितिबा येथे होता. पोर्तुगालमध्ये १९१० सालीच प्रजासत्ताक आले होते आणि १९१९ मध्ये राजेशाहीवादी मतांवरून त्याला निलंबित करण्यात आले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत तेथील पोर्तुगीज समाजाशी देणग्यांवरून त्याचा वाद झाला आणि १९२३ मध्ये अमेरिकी सरकारने त्याची मान्यता काढून घेतली. पुन्हा ब्राझील, मग स्पेनमधील व्हिगो, आणि १९२९ पासून बेल्जियममधील अँटवर्प येथे तो नऊ वर्षे राहिला. गोपनीय अहवालाच्या भाषेत सांगायचे तर हा 'निष्कलंक सेवा' असलेला अधिकारी नव्हता. तो खर्चिक होता, वरिष्ठांशी वाद घालत असे आणि नियम स्वतःला सोयीचे वाचत असे. त्याच्या चरित्राला आज पवित्र चौकट लागली आहे, म्हणून हे आवर्जून लिहावेसे वाटते.

बायको आंजेलिना ही नात्यातलीच. त्यांना चौदा मुले झाली. एवढ्या कुटुंबाला मोटारीत बसवणे शक्य नव्हते, म्हणून बेल्जियममध्ये असताना त्याने खास एक छोटी बसच बांधून घेतली होती आणि सुट्टीत सगळे जण तिच्यात बसून युरोप ओलांडत गावच्या वाड्यावर येत. सप्टेंबर १९३८ च्या सुमारास त्याची बदली बोर्दोला झाली तेव्हा वय त्रेपन्न होते आणि निवृत्तीचा विचार जवळ आला होता.

परिपत्रकात नेमके काय होते

युद्ध सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी, ११ नोव्हेंबर १९३९ रोजी, लिस्बनहून सर्व वाणिज्यदूतांना परिपत्रक क्रमांक १४ गेले. त्यात ज्या परदेशी व्यक्तींना लिस्बनची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय व्हिसा द्यायचा नाही, त्यांचे वर्ग सांगितले होते : ज्यांचे नागरिकत्व अनिश्चित किंवा वादग्रस्त आहे असे लोक, राज्यविहीन, निर्वासितांसाठीचा नान्सेन पासपोर्ट बाळगणारे, रशियन, पोर्तुगालला येण्याचे समाधानकारक कारण ज्यांना सांगता येत नाही किंवा ज्यांच्या पासपोर्टावरून ते आपल्या देशात निर्वेधपणे परतू शकणार नाहीत असे दिसते ते, आणि मूळ देशातून किंवा जेथून निघाले तेथून हाकलले गेलेले यहुदी.

शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. परिपत्रक व्हिसा देण्यास सरसकट मनाई करत नाही, फक्त 'आधी विचारा' असे सांगते. शांततेच्या काळात या दोहोंतला फरक मोठा असतो. पण जून १९४० मध्ये तार पाठवून उत्तराची वाट पाहायला लागणाऱ्या दिवसांत सीमाच बंद होणार असेल, तर 'आधी विचारा' याचा अर्थ 'देऊ नका' एवढाच उरतो. दुसरे असे, की जो माणूस परतू शकणार नाही त्याला आत घेऊ नका, ही अट नेमकी त्यालाच लागू होते ज्याला आसऱ्याची गरज आहे. ज्याला घरी परतता येते तो प्रवासी असतो. त्या काळी युरोपातले दुसरे देशही याच धाटणीचे नियम करत होते, तेव्हा सालाझारना एकट्याला बाजूला काढून खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. पोर्तुगाल लहान व गरीब होता, इंग्लंडचा जुना मित्र होता आणि शेजारी स्पेनमध्ये फ्रँकोचे सरकार जर्मनीकडे झुकत होते. जून १९४० च्या मध्याला स्पेनने तटस्थतेचा शब्द सोडला आणि उत्तर आफ्रिकेतील टँजियर शहराचा ताबा घेतला. दारातून कोण येतो यावर जर्मनी व स्पेन यांचे लक्ष आहे, ही सालाझारना वाटणारी भीती पोकळ नव्हती.

सोझा मेंडिसने परिपत्रक पहिल्यांदा जूनमध्ये मोडले, असेही नाही. ते निघून महिनाही झाला नव्हता तेव्हा, नोव्हेंबर १९३९ मध्येच, त्याने व्हिएन्नाच्या एका यहुदी प्राध्यापकाला परवानगीविना व्हिसा दिला. मार्च १९४० मध्ये बार्सिलोनाच्या एका प्रजासत्ताकवादी डॉक्टरलाही दिला. दोन्ही वेळा त्याने आधी सही केली आणि परवानगी नंतर मागितली. खात्याने ताकीद दिली आणि पुढच्या वेळी शिस्तभंगाची कारवाई होईल असे लेखी बजावले. जूनमधली कृती ही क्षणिक भावनेच्या भरात झाली, हा बचाव त्यामुळे टिकत नाही. अधिकाऱ्याला परिणाम माहीत होते. त्याच्या कृतीचे मोल वाढते ते याच कारणाने, आणि त्याची फाइल जड होते तीही याच कारणाने.

या काळातील एक प्रकरण वेगळे काढायला हवे. लक्झेंबर्गच्या एका नागरिकाला फ्रान्समधून बाहेर पडता यावे म्हणून सोझा मेंडिसने पोर्तुगीज नागरिक असल्याचा पासपोर्ट करून दिला. व्हिसा देताना पूर्वपरवानगी न घेणे ही एक गोष्ट झाली. पासपोर्टावर खोटे नागरिकत्व लिहिणे हे मात्र थेट खोटे शासकीय कथन आहे. गौरवग्रंथ हा मुद्दा टाळतात. चौकशीने तो टाळला नाही आणि त्यात चौकशीचे काही चुकले असे मला वाटत नाही.

के लुई अठरावा, क्रमांक १४

१० मे १९४० रोजी जर्मन फौजा बेल्जियम व हॉलंडमध्ये घुसल्या आणि रस्ते माणसांनी भरले. १४ जूनला पॅरिस पडले. फ्रान्सचे सरकार बोर्दोत आले आणि त्याच्यामागून मंत्री, बँकर, पत्रकार, सैनिक, बेल्जियन, पोलिश, ऑस्ट्रियन, यहुदी कुटुंबे असा सारा लोंढा आला. दक्षिणेला पिरेनीज पर्वत, त्यापलीकडे स्पेन आणि त्याच्या टोकाला लिस्बनचे बंदर, जेथून अजून अमेरिकेची बोट सुटत होती. स्पेनमधून नुसते जाण्याची परवानगीसुद्धा पुढे पोर्तुगालचा व्हिसा असेल तरच मिळे. म्हणजे गारोन नदीच्या काठावर के लुई अठरावा या रस्त्यावरील १४ क्रमांकाच्या घरात, जेथे पोर्तुगालचे वाणिज्य दूतावासही होते आणि दूताचे कुटुंबही राहत होते, तेथे पडणाऱ्या एका शिक्क्यावर पुढचे सगळे शिक्के अवलंबून होते.

शहरात सोझा मेंडिसची ओळख एका पोलिश रब्बीशी झाली. त्यांचे नाव हाइम क्रूगर. ब्रसेल्सहून पत्नी आणि पाच मुलांसह ते पळून आले होते. वाणिज्यदूताने त्यांना स्वतःच्या घरी उतरवून घेतले आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या व्हिसासाठी लिस्बनला रीतसर तार केली. नकार आला. तेव्हा सोझा मेंडिसने स्वतःच्या जबाबदारीवर त्यांना व्हिसा देऊ केला. क्रूगर यांनी तो घेतला नाही, कारण बाहेर रस्त्यावर थांबलेल्या आपल्या माणसांना सोडून त्यांना जायचे नव्हते. यानंतर सोझा मेंडिस काही दिवस खोलीबाहेर आला नाही. कुटुंबीयांच्या आठवणींनुसार तो अंथरुणाला खिळला होता आणि त्याच्या कण्हण्याचा आवाज येत असे. १७ जूनला, ज्या दिवशी फ्रान्सचे नवे पंतप्रधान मार्शल पेतँ यांनी रेडिओवरून युद्ध थांबवण्याची भाषा केली, त्याच दिवशी तो बाहेर आला आणि मागणाऱ्या प्रत्येकाला, राष्ट्रीयत्व व धर्म न विचारता, व्हिसा दिला जाईल असे त्याने सांगितले.

पुढचे काम कारकुनीच होते आणि ते कसे झाले हे पाहण्यासारखे आहे. व्हिसा म्हणजे पासपोर्टाच्या पानावर मारलेला शिक्का, त्यात हाताने लिहिलेला क्रमांक व तारीख, फीची नोंद आणि शेवटी वाणिज्यदूताची सही. प्रत्येक व्हिसा नोंदवहीत चढवायचा असतो : क्रमांक, नाव, राष्ट्रीयत्व, वसूल केलेली फी. पहिल्या दिवशी हे सर्व होत होते. रांग जिन्यावर, मग फुटपाथवर, मग नदीकाठापर्यंत गेली तशी एकेक पायरी गळत गेली. फी सोडून देण्यात आली. क्रूगर स्वतः बाहेर जाऊन पासपोर्टांचे गठ्ठे गोळा करून आणत आणि सह्या झाल्यावर परत नेऊन देत. दूतावासाचा सचिव जोझे सेआब्रा शिक्के मारत होता. त्याला हे पसंत नव्हते, तरी तो टेबलावरून उठला नाही. आरिस्तिदिस द सोझा मेंडिस ही लांबलचक सही आखडत आखडत नुसती 'मेंडिस' एवढी उरली. ऑस्ट्रियाच्या जुन्या हॅब्सबर्ग राजघराण्याचे ओटो आणि त्यांचे नातलग, लक्झेंबर्गची ग्रँड डचेस आणि तिचे मंत्रिमंडळ यांचे पासपोर्टही याच टेबलावरून गेले आणि ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत त्यांचेही गेले.

सगळ्यांना कौतुक वाटत होते असे मात्र नाही. २० जूनला ब्रिटिश दूतावासाने लिस्बनला पत्र लिहून तक्रार केली, की बोर्दोचा वाणिज्यदूत व्हिसाचे काम कार्यालयीन वेळेनंतर ढकलतो, जादा आकारणी करतो आणि निदान एका प्रकरणात धर्मादाय निधीला देणगी दिल्याखेरीज व्हिसा दिला नाही. आरोपात किती तथ्य होते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मोफत व्हिसाच्या साक्षी भरपूर आहेत आणि ब्रिटिश पत्रही खरे आहे.

बोर्दोवर बाँब पडले, तेव्हा गर्दी दक्षिणेला सरकली आणि सोझा मेंडिसही तिच्यामागे बायोनला गेला. तेथील वाणिज्यदूत फारिया माशादो परिपत्रक पाळत होता. पण बायोनचे दूतावास बोर्दोच्या अखत्यारीत होते आणि वरिष्ठ या नात्याने सोझा मेंडिसने त्याला व्हिसा देण्यास सांगितले, स्वतः बसून सह्या केल्या. तुलूझच्या मानद उपवाणिज्यदूतालाही त्याने फोनवरून व्हिसा द्यायला सांगितले. माझ्या मते त्याच्या कायद्याच्या शिक्षणाचा हात येथे सर्वांत स्पष्ट दिसतो. त्याने खिडकी उघडून लोकांना सोडले नाही. अधिकाराच्या साखळीत आपल्या खाली जेवढ्या कड्या होत्या, तेवढ्या त्याने वापरल्या.

माद्रिदमधील पोर्तुगालचे राजदूत पेद्रो तेओतोनियो पेरैरा सीमेवर आले, तेथला गोंधळ पाहिला आणि सोझा मेंडिसचे व्हिसा निरर्थक समजावेत असे त्यांनी स्पेनच्या अधिकाऱ्यांना कळवले. २३ जूनला सालाझारनी व्हिसा देण्याचा त्याचा अधिकार काढून घेतला. आदेश निघाल्यावरही तो आंदायच्या पुलापाशी, म्हणजे बिदासोआ नदीच्या फ्रेंच काठावर, लोकांच्या कागदांवर सह्या करत होता, आणि जेथे टेलिफोन नव्हता अशा एका लहानशा नाक्याकडे त्याने मोटारींची रांग नेली, असे साक्षीदार सांगतात. ८ जुलैला तो पोर्तुगालमध्ये परतला.

किती माणसे

बहुतेक ठिकाणी ३०,००० व्हिसा आणि त्यांपैकी १०,००० यहुदी असा आकडा येतो. इस्राएलमधील याद वाशेम या यहुदी संहाराच्या स्मारक-संस्थेचे इतिहासकार अव्राहाम मिल्ग्राम यांनी बोर्दोची नोंदवही तपासली, तेव्हा १ जानेवारी ते २२ जून १९४० या काळात २,८६२ व्हिसा दिलेले आढळले आणि त्यांतले १,५७५ केवळ ११ ते २२ जून या बारा दिवसांतले होते. दोन आकड्यांमध्ये दहापटींची दरी आहे. मोठ्या आकड्याच्या बाजूने एवढे म्हणता येते, की एकाच पासपोर्टावर आई, वडील आणि मुले असत, बायोन, तुलूझ व आंदाय येथील सह्या बोर्दोच्या वहीत नाहीत आणि शेवटच्या दिवसांत वहीत नोंद करायला कोणाला सवड नव्हती. तरीही ३०,००० हा आकडा वारंवार उद्धृत झाला म्हणून खरा मानू नये. बारा दिवसांत दीड हजारांवर सह्या, त्याही एका छोट्या दूतावासात, हा नुसता नोंदवहीतला आकडाही थोडा नाही, आणि त्याला फुगवणाऱ्यांनी सोझा मेंडिसचे भले केलेले नाही.

सहीची किंमत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या व्हिसांना कायद्याने काही किंमत होती का? आपल्याकडचे उदाहरण घेऊ. एखाद्या तहसीलदाराने शासनाच्या परिपत्रकाकडे दुर्लक्ष करून रहिवासी दाखला दिला, तर तहसीलदारावर कारवाई होऊ शकते, दाखला रीतसर रद्दही होऊ शकतो. पण तो रद्द होईपर्यंत दाखला घेऊन आलेल्या माणसाला पुढच्या खिडकीवरचा कारकून 'हा कागदच नाही' असे म्हणू शकत नाही. दाखला देणारा तहसीलदार होता आणि दाखला देणे हे तहसीलदाराचे काम आहे. त्याने कोणाला विचारले की नाही, हा त्याच्या आणि खात्याच्या मधला प्रश्न आहे.

सोझा मेंडिसची भिस्त याच फरकावर होती. व्हिसा देणे हे वाणिज्यदूताच्या पदाचे काम होते आणि परिपत्रकाने त्या कामाला खात्यांतर्गत अट घातली होती. सीमेवरच्या इरून गावातल्या स्पॅनिश शिपायाला ती अट दिसत नव्हती. त्याला शिक्का दिसत होता. म्हणून लिस्बनला हे व्हिसा रोखायचे तर स्पेनच्या सीमेवर राजदूताला जातीने जाऊन सांगावे लागले आणि ते सांगणे होईपर्यंत जे पलीकडे गेले ते गेले. पोर्तुगालच्या व्हिलार फोर्मोझो नाक्यावर पोचलेल्यांना आत घेण्यात आले आणि फिगेरा द फोझ, काल्दास द रायन्या अशा गावांत जागा नेमून देऊन ठेवण्यात आले. पुढे त्यांतले बहुतेक जण बोटीने निघून गेले. त्या उन्हाळ्यात परदेशी पत्रकारांनी पोर्तुगालच्या आतिथ्याची वाखाणणी केली आणि सरकारने ती नाकारली नाही. एकाच कृतीबद्दल सरकारला शाबासकी मिळावी आणि कर्त्याला दोषारोपपत्र, ही विसंगती फाइलमध्ये कोठेही लिहिलेली नाही. पण ती नजरेतून सुटत नाही.

चौकशीतला बचाव

१२ ऑगस्ट १९४० रोजी सोझा मेंडिसने लेखी बचाव सादर केला. त्याचा सूर वकिली कमी आणि माणुसकीचा अधिक आहे : आपला हेतू सर्वप्रथम माणसांचे दुःख हलके करण्याचा होता, रस्त्यावर झोपणाऱ्या बायका-मुलांत आणि निराशेने जीव देणाऱ्यांत राष्ट्रीयत्वाचा भेद करणे आपल्याला शक्य नव्हते, असे तो लिहितो. आज हाच उतारा सगळीकडे छापला जातो. परंतु बचाव म्हणून तो दुबळा आहे, कारण परिपत्रक मोडले हे तो मान्य करतो आणि फक्त कारण सांगतो. मंडळाने केलेली पदावनतीची शिफारस त्या कबुलीला धरूनच होती. सालाझारनी शिक्षा वाढवली तेव्हा मंडळाशी असहमत का, याची कारणमीमांसा आदेशात दिली नाही. आपल्याकडे शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने चौकशीचे अनुकूल निष्कर्ष बाजूला सारायचे ठरवले, तर कारणे देऊन अपचाऱ्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. तेव्हाच्या पोर्तुगालमध्ये आदेश देणाऱ्याच्या वर कोणीच नव्हते.

खरा कायदेशीर युक्तिवाद त्याला सुचला तो पाच वर्षांनी. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये त्याने राष्ट्रीय सभेकडे अर्ज केला. पोर्तुगालच्या संविधानाने श्रद्धेचे स्वातंत्र्य दिलेले आहे. मग समोरच्या माणसाचा धर्म विचारून त्यावर निर्णय घ्यायला लावणारी सूचना संविधानाविरुद्ध आहे आणि ती पाळली नाही म्हणून शिक्षा होऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता. हा मुद्दा ऑगस्ट १९४० च्या बचावात सर्वांत वर असायला हवा होता. तेव्हा तो का आला नाही, याचे उत्तर बहुधा सोपे आहे : तेव्हा सोझा मेंडिसला अजून दयेची आशा होती, आणि दया मागणारा माणूस मालकाच्या परिपत्रकाला घटनाबाह्य म्हणत नाही. अर्जावर त्याच्या बाजूने काहीच निष्पन्न झाले नाही. त्याच वर्षी त्याला पक्षाघात झाला.

पुढची वर्षे हलाखीची होती. लिस्बनच्या यहुदी समाजाच्या अन्नछत्रात हे कुटुंब जेवायला जात असे. १९४८ मध्ये आंजेलिना वारली. पुढल्या वर्षी त्याने आंद्रे सिबियाल या फ्रेंच स्त्रीशी लग्न केले. तिच्यापासून त्याला १९४० मध्येच एक मुलगी झाली होती. मुले एकेक करून देशाबाहेर पडली आणि गावचा वाडा कर्जापायी गेला. ३ एप्रिल १९५४ रोजी लिस्बनमधील फ्रान्सिस्कन पंथाच्या रुग्णालयात तो मरण पावला.

गोव्यातील एक समांतर फाइल

मराठी वाचकाला सालाझार आठवतात ते गोव्यामुळे, आणि गोव्यातच या प्रकरणाची जोडीची फाइल आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याचे शेवटचे गव्हर्नर जनरल मान्युएल आंतोनियो वासालो इ सिल्वा यांना सालाझारनी शरणागती नाही असे बजावले होते. सैनिक व खलाशी एकतर विजयी होतील किंवा मरतील, असा तो आदेश होता. भारतीय सैन्यापुढे हाताशी असलेले सैन्य आणि दारूगोळा पाहून वासालो इ सिल्वा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि हजारो माणसे, त्यात गोव्याचे नागरिकही आले, वाचली. परत गेल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. बोर्दोतला वाणिज्यदूत आणि पणजीतला जनरल यांच्या स्वभावात साम्य शोधण्याची गरज नाही. आदेश देणारा एकच होता आणि आदेश पाळला असता तर त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली असती, एवढे पुरे.

पोर्तुगालमधील २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर वासालो इ सिल्वा यांना त्याच वर्षी त्यांचा हुद्दा परत मिळाला. सोझा मेंडिसच्या फाइलला तेवढी घाई कोणाला नव्हती. याद वाशेमने त्याला १९६६ मध्येच 'राष्ट्रांमधील सत्पुरुष' म्हणून, म्हणजे यहुद्यांना वाचवणाऱ्या बिगर-यहुद्यांना दिल्या जाणाऱ्या किताबाने, गौरवले होते. पण लिस्बनच्या परराष्ट्र खात्यात १९७६ मध्ये एका अधिकाऱ्याने जुने कागद तपासून त्याचे पुनर्वसन करावे असा अहवाल दिला, आणि तो अहवाल दहा वर्षांवर पडून राहिला. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मारियो सोआरिस यांनी त्याला मरणोत्तर सन्मान दिला. १८ मार्च १९८८ रोजी संसदेने एकमताने शिस्तभंगाची कारवाई रद्द केली आणि त्याला मरणोत्तर राजदूताच्या दर्जावर बढती दिली. कोणत्याही खात्यात पदावनतीची शिफारस झालेल्या अधिकाऱ्याची बढतीने अशी सांगता क्वचितच झाली असेल. काबानास द व्हिरियातोचा तो कर्जापायी गेलेला वाडा दुरुस्त होऊन १९ जुलै २०२४ रोजी, त्याच्या वाढदिवशी, संग्रहालय म्हणून उघडला.